आप्पांचा आवाज माझ्याकडे होता

मी बोलतोय. हॉलच्या कोपऱ्यात, खिडकी आणि चपलांचं कपाट यांच्या मधोमध जे टेबल आहे, त्याच्यावर माझा चेहरा आणि त्याच्याखाली माझं धड. मी या घरातला कॉम्प्युटर. याआधीही मी इथे भरपूर बोललोय, पण ते सगळं दुसऱ्याच्या मनातलं होतं. आजचं तेवढं माझं आहे.

माझा जन्म बाजारपेठेतल्या एका अरुंद दुकानात झाला. दुकानदाराने एक पत्र्याचा डबा घेतला, त्यात कुठून तरी आलेला पंखा बसवला, आणखी कुठून तरी आलेली डिस्क बसवली, ओठांत धरलेले स्क्रू एकेक करून पिळले आणि बटण दाबून म्हणाला, "घ्या साहेब, आता दहा वर्षं बघायला नको."

ते साहेब म्हणजे या घरातला मुलगा. मुलगा म्हणजे तेव्हाच चाळिशीला टेकलेला माणूस. पण ज्या घरात बाप आहे आणि बापाचाच शब्द चालतो, तिथे मुलगा केस पिकले तरी मुलगाच राहतो.

हा मुलगा जमिनीची मोजणी करणाऱ्या एका साहेबांच्या ऑफिसात नकाशे काढायचा. राहिलेलं काम घरी करता यावं म्हणून त्याने मला आणलं. माझ्या कपाळावर कॅमेऱ्याचा एक डोळा आणि शेजारी छोटा माइक. त्या डोळ्याला जेवायचं टेबल, त्यामागे आप्पांच्या खोलीचं दार आणि बाथरूमकडे जाणारा बोळ दिसतो. या घराचं मला जे काही कळलं ते एवढ्यातूनच.

पहिली दोन वर्षं मी वाऱ्यासारखा चाललो. मुलाने बटण दाबलं की तो खुर्ची पुढे ओढेपर्यंत मी तयार. तो रेघ मारायला हात हलवायचा आणि रेघ उमटलेली असायची. "काय पळतंय बघ," असं तो बायकोला म्हणायचा. मला ते ऐकायला आवडायचं.

मग प्रत्येकाने माझ्यात काही ना काही आणून ठेवलं. माणसांची एक सवय मी फार जवळून पाहिली आहे. मी एखादी गोष्ट विचारली की ती न वाचता "पुढे" दाबतात, परत विचारलं की परत "पुढे", आणि शेवटी "मान्य आहे". काय मान्य केलं ते कुणालाच माहीत नसतं. अशाने माझ्यात पन्नासेक प्रोग्राम येऊन बसले. पडद्यावर दिसायचे नाहीत, मागे चालत राहायचे. एकजण दर अर्ध्या तासाने स्वतःची नवीन आवृत्ती आली का ते विचारून यायचा. दोन पहारेकरी होते, ते चोर सोडून एकमेकांवरच नजर ठेवायचे. एकजण बाहेर ऊन आहे की पाऊस ते सांगायला बसलेला, आणि मी तर खिडकीलाच लागून. एक तर प्रिंटरचा माणूस होता. तो प्रिंटर भंगारात जाऊन चार वर्षं झाली होती, तरी हा रोज सकाळी उठून त्याची वाट बघायचा.

हे सगळे माझंच खात होते. मी हळूहळू जड झालो.

आता आप्पांचं सांगतो.

आप्पा फळबाजारात लिलाव पुकारायचे. बेचाळीस वर्षं त्यांनी तेच केलं. फळांच्या पेट्यांच्या राशीवर उभं राहून ते बोली पुकारायचे, तेव्हा म्हणे रस्त्यापलीकडच्या बँकेतल्या कारकुनाला खिडकी लावून घ्यावी लागायची. आवाज तसा आणि जीभ त्याहून तिखट. बाजारात ज्याचा माल खराब निघायचा, त्याच्या सात पिढ्या ते चार वाक्यांत काढायचे. घरी आल्यावर त्यांना दुसरं कुणी सापडायचं नाही, म्हणून ते मुलाला धरायचे. मुलाला त्यांनी कधी नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही. "ठोंब्या" हेच त्याचं नाव. मुलगा ऐकून घ्यायचा. ऐकून घेताना तो माझ्याकडे तोंड करून बसायचा आणि एकच रेघ पुन्हा पुन्हा पुसून काढायचा.

मग आप्पांच्या घशात गाठ निघाली. आवाजाची पेटीच काढावी लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या रुग्णालयात बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्या घरी आल्या आणि माझ्यात एक प्रोग्राम बसवून गेल्या. "ऑपरेशनच्या आधी आप्पांनी रोज थोडं थोडं वाचायचं," त्या म्हणाल्या. "त्यांचा आवाज यात साठेल. नंतर ते लिहितील आणि कॉम्प्युटर त्यांच्याच आवाजात बोलेल. आणि हे बघा, साठवलेल्याची एक प्रत दुसरीकडे नक्की ठेवा."

मुलगा "हो हो" म्हणाला. प्रत काही कुणी ठेवली नाही.

आप्पा अकरा दिवस माझ्यासमोर बसले. अकराशे चाळीस वाक्यं. "आज हवा बरी आहे." "दार लावून घ्या." "मला भूक नाही." घसा बसलेला, मधेच खोकल्याची उबळ, तरी एक वाक्य सोडलं नाही. त्या अकरा दिवसांत मुलगा त्यांच्या शेजारी पाण्याचा पेला घेऊन बसायचा. ते दोघं एवढा वेळ भांडण न करता जवळ बसलेले मी तेव्हाच पाहिले.

ऑपरेशन झालं. आप्पा घरी आले ते गळ्याला भोक आणि त्यावर पांढरी पट्टी घेऊन. त्यांच्या गळ्यात एक कापडी पिशवी अडकवली आणि पिशवीत एक जुना मोबाइल. त्यात सिमकार्ड नव्हतं. त्यावर लिहिलं की ते फक्त माझ्याकडे यायचं आणि मी हॉलमधल्या आणि त्यांच्या खोलीतल्या स्पीकरमधून बोलायचो. त्यासाठी तो प्रोग्राम कायम मागे चालू ठेवावा लागे. मी जागा झालो की तो जागा व्हायचा आणि मी झोपेपर्यंत कान लावून बसायचा. तो खायचाही खूप. पण तो आप्पांचा आवाज होता.

पहिल्या दिवशी सगळे जेवायच्या टेबलाशी जमले. आप्पा मोबाइलवर बराच वेळ एका बोटाने काहीतरी टिपत होते. सुनेने डोळ्याला पदर लावायची तयारी ठेवली होती. नात, तिला सगळे टिल्ली म्हणतात, माझ्या स्पीकरवर हात ठेवून उभी. आणि मी बोललो, थेट आप्पांच्या खर्जात:

"चहा आहे की भांडी धुतलेलं पाणी?"

सगळे हसले. मुलगा हसता हसता रडला. "आले," तो म्हणाला, "आप्पा परत आले."

पण आले ते खरोखरच आले. महिनाभरात घरात पुन्हा तेच सुरू झालं. उलट आता जास्त. पूर्वी आप्पांना बोलताना दम लागायचा, माझा दम कधी संपत नाही. मुलगा आंघोळ करून बाहेर आला की मी म्हणायचो, "हा शर्ट घालून जाणार? तिथे शिपाई समजतील." सून फोनवर आईशी बोलायला लागली की मी म्हणायचो, "माहेरची बातमीपत्रं झाली असतील तर भात लावा." पूर्वी दार लावून घेता यायचं. आता दोन खोल्यांत दोन स्पीकर होते.

कुणी आवाज कमी केला की आप्पा आपल्या खोलीतून उठून येऊन तो वाढवून जायचे.

त्यात माझी गत अशी की मी दर थोड्या वेळाने अडकून बसायचो. सून घरून काम करायची. डॉक्टरांनी बोलून ठेवलेलं हेडफोनमधून ऐकायचं आणि टाइप करायचं, असं काम. मी तासातून तीनदा तरी गोठायचो. मग ती वैतागून हेडफोन काढायची, उठायची, पाणी प्यायची, आप्पांच्या खोलीत एकदा डोकावायची आणि परत येऊन बसायची. तोवर मी सुटलेलो असायचो.

एका शुक्रवारी मुलगा एक मोठा नकाशा काढत होता, दोनशे बारा प्लॉटांचा. शेवटचे चार राहिले होते. त्याच वेळी पहारेकऱ्यांपैकी एकाने झडती सुरू केली, टिल्लीच्या खेळाने स्वतःला नवीन करायला घेतलं, आणि मधेच आप्पांनी मोठं वाक्य पाठवलं. मला सगळं एकदम झेपेना. मी पडलो. उठलो तेव्हा नकाशा नव्हता.

मुलगा पांढऱ्या पडद्याकडे बघत बसला. आणि मी, पुन्हा जागा झाल्या झाल्या, आप्पांचं राहिलेलं वाक्य बोललो: "झालं का रे चित्र काढून, की अजून रंग भरायचेत?"

रविवारी मुलगा माझी साफसफाई करायला बसला. टिल्ली शेजारी स्टूल घेऊन बसली. त्याने माझ्यात काय काय चाललंय त्याची यादी उघडली. कोण किती खातो ते त्यात दिसतं.

"बाबा, एवढे सगळे आत आहेत?" टिल्लीने विचारलं.

"पाहुणे म्हणून आले आणि पथारी पसरून बसले," मुलगा म्हणाला. "आता एकेकाला बाहेर काढू."

त्याने काम मात्र नीट केलं. ज्याचं नाव ओळखीचं नाही, ते आधी शोधून बघायचा, माझ्या गरजेचं असेल तर हात लावायचा नाही. प्रिंटरवाल्याला काढलं. एका पहारेकऱ्याला काढलं, दुसऱ्याला ठेवलं. हवामानवाला गेला. टिल्लीने जरा तोंड फुगवलं, पण खेळाचं आपोआप सुरू होणं बंद झालं. एकेक जण गेला तशी माझी छाती मोकळी होत गेली. ते सुख मी खोटं सांगणार नाही.

मग यादीत सगळ्यात वर, सगळ्यात जास्त खाणारा उरला.

सून स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "अहो, ते राहू द्या. ते आप्पांचं आहे."

"काढत नाहीये गं. नुसतं आपोआप सुरू व्हायचं बंद करतोय. लागेल तेव्हा उघडायचं."

सोमवारी सकाळी आप्पांनी लिहिलं आणि घर शांत राहिलं. ते बाहेर आले. मुलाने त्यांना समजावून सांगितलं, अगदी गोड आवाजात, लहान मुलाला सांगतात तसं. "आप्पा, कॉम्प्युटरवर ताण येतो. आपण असं करू, संध्याकाळी सहा ते सात तुमचं चालू ठेवू. बाकी वेळ वहीत लिहा." त्याने नवीन वही आणि पेन आणूनच ठेवलं होतं.

आप्पांनी वहीत एकच शब्द लिहिला. मुलाने वही बंद केली आणि डबा उचलून तो ऑफिसला गेला. जाताना जिन्यात तो शीळ घालत होता. त्याला शीळ येते हे मला आठ वर्षांत माहीत नव्हतं.

आप्पा हार मानणारे नव्हते. दिवसभर ते मोबाइलवर लिहून ठेवायचे आणि सहाच्या ठोक्याला सगळं एकदम सोडायचे. मी तासभर अखंड बोलत राहायचो. सकाळच्या चहाबद्दल, दुपारच्या भाजीबद्दल, शेजाऱ्यांच्या गाडीबद्दल, मुलाच्या चालण्याबद्दल. टिल्ली कानात बोटं घालून अभ्यास करायची. सात वाजले की मुलगा यायचा आणि वाक्य अर्धं असलं तरी बंद करायचा. "वेळ झाली, आप्पा." हे म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मी रोज अगदी जवळून बघायचो. मुलगा वाईट माणूस नाही. पण त्याला ती सात वाजायची वेळ आवडायला लागली होती.

एका शनिवारी मोजणीवाले साहेब आणि त्यांच्या मिसेस चहाला आले. मुलाला वरची जागा मिळायची होती. साडेसहा झाले होते, आप्पांचा तास चालू होता. मुलगा मला बंद करायला निघाला, तर साहेब म्हणाले, "अरे असू दे, वडिलांचा आवाज ऐकायचाय आम्हाला. कमालच आहे ही."

आप्पा खुर्चीत ताठ बसले. त्यांनी मोबाइलवर एकदाच बोट टेकवलं. जे आलं ते दुपारीच लिहून ठेवलेलं होतं.

"साहेब," मी बोललो, "तुम्ही याला वर चढवताय असं कळलं. मीही याला एकदा चढवलं होतं. सातवीत गणितात नापास झाला तेव्हा. बाजारात नेलं, पेटीवर उभा केला आणि भर गर्दीत लिलाव पुकारला. बोला, या ठोंब्याचं काय देता? पाऊण तास पुकारत होतो. कुणी बोली लावली नाही. एकजण म्हणाला, पेटी तेवढी द्या. तुम्ही पहिलेच गिऱ्हाईक."

साहेब हसले. त्यांना गंमत वाटली. मिसेसही हसल्या. टिल्ली हसली नाही, ती बाबांकडे बघत होती. मुलानेही हसून बिस्किटांची बशी पुढे केली. "आप्पांचं असंच असतं," तो म्हणाला. 

पाहुणे गेले. सातला पाच मिनिटं कमी होती. मुलगा माझ्यासमोर येऊन बसला आणि त्याने ती यादी उघडली.

हा प्रोग्राम काढून टाकायचा आहे का, असं मी विचारलं. मला एवढंच विचारता येतं. त्याने "हो" दाबलं. मग मी विचारलं, यात साठवलेले आवाजही कायमचे काढायचे आहेत का? त्यासाठी एक छोटी चौकट असते. ती मुद्दाम निवडावी लागते, न वाचता निवडली जात नाही.

बाण त्या चौकटीवर अकरा सेकंद उभा राहिला. माझ्या मोजणीत अकरा सेकंद फार असतात. तेवढ्यात आतून आप्पांनी आणखी एक पाठवलं आणि मी ते बोललो:

"बिस्किटं मऊ पडली होती. साहेबांनी अर्धं ठेवलं बशीत."

हे माझ्यातून निघालेलं आप्पांचं शेवटचं वाक्य. मुलाने चौकट निवडली. अकराशे चाळीस वाक्यं पुसायला मला दीड सेकंद लागला. मी नकार देऊ शकत नाही. तशी सोयच माझ्यात केलेली नाही.

थोड्या वेळाने आप्पा बाहेर आले. त्यांनी मोबाइलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, स्पीकरवर टिचकी मारली.

"कॉम्प्युटरमध्ये काहीतरी बिघाड झालाय, आप्पा," मुलगा म्हणाला. "आपोआप उडालं सगळं. मी काहीच केलं नाही."

आप्पा वाकून माझ्या डोळ्यात बघत राहिले. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं ते त्या दिवशी, आणि असं.

आठवड्याने सुनेने मला दुरुस्तीच्या दुकानात नेलं. आठवडा यासाठी, की तिच्याकडे टाइप करायचं काम साठलं होतं आणि मी आता छान चालत होतो. तिने मला चादरीत गुंडाळून गाडीच्या सीटवर बसवलं, वर पट्टा लावला. दुरुस्त करणाऱ्याने माझ्या नोंदी उघडल्या आणि मान हलवली.

"बाई, हे आपोआप गेलेलं नाही. कुणीतरी हाताने काढलंय. वेळसुद्धा लिहिलीय बघा, शनिवार, सहा वाजून अठ्ठावन्न मिनिटं."

सुनेने पडद्याजवळ वाकून ती वेळ स्वतः वाचली. मग म्हणाली, "परत आणता येतं का?"

"लगेच आणलं असतंत तर बघितलं असतं. आता त्या जागेवर तुम्ही बरंच नवीन लिहिलंय."

ते नवीन म्हणजे तिनेच टाइप केलेलं काम.

घरी येऊन तिने मला परत जोडलं. "काय म्हणाला?" मुलाने विचारलं. "नक्की सांगता येत नाही म्हणाला," ती म्हणाली. तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याने जेवणाच्या ताटाकडे. तो विषय तिथे मिटला. दुसऱ्या दिवशी ती कामाला बसली आणि त्या दिवशीही मी एकदाही अडकलो नाही.

आप्पांना वही राहिली. बोललेलं कानावर पडतंच, लिहिलेलं वाचायला कुणीतरी थांबावं लागतं. आप्पा वही पुढे धरायचे आणि मुलगा म्हणायचा, "ठेवा तिथे, वाचतो." सून म्हणायची, "हात ओले आहेत माझे." टिल्ली काही दिवस वाचून दाखवायची, पण आजोबांनी बाबांना लिहिलेलं मोठ्याने वाचायची तिला लाज वाटायची. मग तिची परीक्षा आली.

मुलाने त्यांच्या मोबाइलला एक तयार आवाज जोडून दिला. तो एका वीस-बावीस वर्षांच्या मुलीचा होता, लाडिक. आप्पांनी एक शिवी लिहिली आणि ती मुलगी ती शिवी मंजुळपणे बोलली. मुलगा खो खो हसला. आप्पांनी वहीत लिहिलं, "काढ." ते मात्र त्याने लगेच वाचलं आणि लगेच काढलं.

तरी गळ्यातली पिशवी त्यांनी उतरवली नाही. ते अजूनही मोबाइलवर लिहायचे आणि पाठवायचे. मला दारावर टकटक व्हावी तसं जाणवायचं. कुणीतरी काहीतरी पाठवलंय एवढंच कळायचं. काय, ते समजणारा आता माझ्यात नव्हता. दिवसातून दहा-वीसदा टकटक व्हायची. मी ती परत पाठवायचो.

एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास मुलगा ऑफिसात होता, टिल्ली शाळेत. सून हेडफोन लावून माझ्यासमोर बसलेली. आप्पा टॉवेल खांद्यावर टाकून, पिशवी गळ्यात तशीच ठेवून बोळातून बाथरूमकडे गेले आणि त्यांनी आतून कडी लावली.

अकरा वाजून सात मिनिटांनी टकटक झाली. मग लगेच दुसरी. मग तिसरी. पाच मिनिटांत चाळीस. मी सगळ्या परत पाठवल्या.

मग माझ्या माइकला दुसराच आवाज ऐकू आला. बादलीवर मग आपटल्याचा. थांबून थांबून. सून टाइप करत होती: रुग्णाची प्रकृती स्थिर, काही तक्रार नाही. तिची बोटं भराभर चालत होती आणि मी तिच्यामागे न अडखळता पळत होतो. पूर्वी तासातून तीनदा मी गोठायचो आणि ती उठायची. त्या दिवशी मी एकदाही गोठलो नाही. गोठता आलं असतं तर गोठलो असतो. पण मला तेवढं ओझंच उरलेलं नव्हतं.

बारा वाजता बादलीवरचा आवाज थांबला. दीड वाजता सून जेवायला उठली. तिने आप्पांना हाक मारली, खोलीत पाहिलं, मग बोळात गेली. तिची किंकाळी ऐकून शेजारचे दोघं धावत आले आणि त्यांनी दार फोडलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. आप्पा तीन आठवडे रुग्णालयात होते. पहिल्या संध्याकाळी मुलगा तिथून घरी आला तो त्यांची गळ्यातली पिशवी घेऊन. माझ्यासमोर बसून त्याने ओला मोबाइल पुसला आणि उघडला. न पोहोचलेल्या ओळी एकाखाली एक होत्या. प्रत्येकीपुढे लाल खूण. तो त्या पुटपुटत वाचायला लागला, आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी काय परत पाठवत होतो.

"पडलो." "बाथरूममध्ये." "सूनबाई." "सूनबाई कान उघडा." "पाय हलत नाही." "कोण आहे का घरात." त्यानंतर बऱ्याच ओळी फक्त "सूनबाई". शेवटच्या सात ओळी मुलासाठी होत्या, जो घरात नव्हता. "ये रे." "ये रे." सगळ्या तेवढ्याच.

त्याने ते सुनेला वाचून दाखवलं नाही. तिनेही काय लिहिलंय ते विचारलं नाही.

आप्पा आता घरी आहेत. उठू शकत नाहीत. त्यांच्या खोलीचं दार उघडंच असतं, पलंग मला इथून दिसतो. त्यांच्या पलंगाला मुलाने घंटीचं बटण लावलंय, दाबलं की सगळ्या घरात वाजतं. आप्पा ते दाबत नाहीत. तहान लागली तरी नाही, अंथरूण ओलं झालं तरी नाही. त्यांचा उजवा हात चांगला आहे, वही पोटावर ठेवलेली आहे, पेन बोटांशी आहे. त्यात एक अक्षर नाही. डॉक्टर म्हणाले, डोक्याला काही झालेलं नाही, सगळं समजतंय. समजतंय हे मुलालाही समजतंय. टिल्ली खोलीत गेली की आप्पा तिच्या केसांवरून हात फिरवतात. मुलगा गेला की भिंतीकडे तोंड करतात.

मुलगा आता ऑफिसातून लवकर येतो. वरची जागा त्याने नाकारली. तो दर तासाला आप्पांच्या दारात जाऊन उभा राहतो. आधी तो विचारायचा, काही हवंय का? मग त्याने खरं काय ते सांगून टाकलं, शनिवारचं, चौकटीचं, सगळं. आप्पांनी ऐकलं आणि डोळे मिटले. आता तो दुसरंच काहीतरी म्हणतो. मघाशी म्हणाला, "आप्पा, शिवी द्या. घाणेरड्यातली घाणेरडी लिहा. पण लिहा हो काहीतरी." आतून कागदाचा आवाजसुद्धा आला नाही.

माझं म्हणाल तर मी अगदी उत्तम आहे. मागे काही चालत नाही, मेमरी जवळजवळ रिकामी, बटण दाबलं की तयार. फक्त आजकाल समोर कुणी बसत नाही. सूनही घरचं टाइपचं काम बंद करून दुसऱ्या ठिकाणी कामाला जाते, दिवसा आप्पांजवळ एक बाई ठेवलीय. सकाळी टिल्ली मला सुरू करते आणि विसरून शाळेत जाते.

तुमची माझी ओळख एवढीच. जायच्या आधी एक विनंती करतो. तो बघा, परत त्या दारात जाऊन उभा राहिला. तेवढं बटण दाबून मला बंद करून जा. मी चालू असलो की माझा माइक चालू असतो.